नझीमभाई मशीनवर होते

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. पण ही गोष्ट मनातून जात नाही.

२००२ सालचा पावसाळा. रत्नागिरीत एसटी स्टँडमागच्या एका लहानशा ऑफिसात मी कॉम्प्युटरवर कामाला होते. माझे सीनिअर नझीमभाई, पूर्णगडचे. ‘ईडी’ नावाचा जुना लाइन एडिटर, म्हणजे फाइलीत ओळी घालायचा-बदलायचा प्रोग्राम, त्यांनीच मला शिकवला. आज्ञा आधी लिहून ठेवल्या की तो आपणहून फाइल उघडायचा, दुसऱ्या कमांडचं आउटपुट सांगितलेल्या ओळीखाली घालायचा आणि सेव्ह करायचा. अशा आज्ञांची त्यांनी लिहिलेली स्क्रिप्ट रोज सकाळी दिवसाच्या फाइलमध्ये, मथळ्याखाली, त्या क्षणी मशीनवर लॉगिन असलेल्यांची नावं घालायची.

फुफ्फुसाच्या आजारानं ते घरी बसले. मग फोनच्या तारेला मोडेम लावून घरूनच ऑफिसच्या मशीनवर लॉगिन करायचे. “सुजाता, फाइलीत माझं नाव दिसलं की समज, आज बरा आहे,” म्हणायचे. पुढे वादळात त्यांची फोनची तार तुटली आणि नाव यायचं थांबलं.

एका सकाळी मी ऑफिस उघडलं, मशीन चालू केलं. स्क्रिप्ट चालली, फाइल पाहिली — माझ्या नावाखाली ‘नझीम’! इतका आनंद झाला... म्हटलं, तार जोडली वाटतं. फोन केला, तर लागेना.

थोड्या वेळानं त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. पहाटेच्या नमाजानंतर नझीमभाई गेले होते.

मी पुन्हा पुन्हा तपासलं. रात्रभर मशीन बंद होतं, म्हणजे जुनं लॉगिन राहणं शक्य नाही. आमच्या मोडेमचा तर प्लगही लावलेला नव्हता. तीच स्क्रिप्ट परत चालवली, तेव्हा फक्त माझं नाव आलं.

दुपारी पूर्णगडला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला, भाभींना, त्या नावाचं सांगावं की नाही कळेना, पण सांगितलं.

“तार अजून तशीच लोंबकळतेय गो,” त्या म्हणाल्या. “पहाटे मला म्हणाले, उठवून बसव, ऑफिसला उशीर होतोय. चादरीवर बोटं चालवीत होते...”

मग हलकेच त्यांनी विचारलं, “तिथं आले तेव्हा... धाप लागली होती का गो त्यांना?”

फाइलीत नुसतं नाव होतं. त्यातून हे कसं कळणार?

“नाही भाभी,” मी म्हटलं, “अगदी आरामात आले होते.”

त्यांनी मान हलवली आणि पदरानं डोळे टिपले.

ते नाव तिथं कसं आलं, मला अजून सांगता येत नाही. कितीतरी जाणकारांना विचारलं... भाभींपाशी मात्र तो विषय पुन्हा कधी काढावासा वाटला नाही.