आर्डिथवहिनीचा फज

आर्डिथवहिनी लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होते, आणि तेव्हापासून तिने मला फजच्या पातेल्याला कधी हात लावू दिला नाही. बाकी सगळ्या बाबतीत बाई देवमाणूस. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने जन्म काढला, पोरांना दटावत दटावत पोटभर वाढलं, बर्फाने रस्ता बंद झाला तर पायांना स्की बांधून कामावर गेली. पण डिसेंबर उजाडला, की आपल्या आईकडून शिकलेला चॉकलेटचा फज करायला घ्यायची आणि दार लावून घ्यायची. "नेल्डा, तुझा हात घाईचा," एवढंच कारण. मग नाताळच्या आधी रस्त्यावरच्या घराघरांत वड्यांची ताटली जायची. ती पोचवायचं काम मात्र माझं. ओझी वाहायला घाईचा हात चालतो.

यंदा सप्टेंबरात तिला अर्धांगाचा झटका आला. काठी घेऊन ती चालू लागली, पण उजवा हात लुळाच राहिला. वाचा शाबूत होती, तरी तिनेच तोंडाला कुलूप घातलं. हाताचे व्यायाम करेना, कुणी आलं तर मान फिरवून बसे. दिवसभर खिडकीतून सुपीरियर सरोवराकडे बघत राहायची. माझा भाऊ ऑर्विल म्हणजे आयुष्यभर रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवलेला आडदांड गडी. तो तिच्यापुढे सूपाची वाटी धरून लहान पोरासारखा तिची मनधरणी करायचा. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, की हिने आपणहून काही करायला घेतलं नाही, तर आहे तेही हातचं जाईल.

"हात नाही आला तरी चालेल गं," एकदा गॅरेजमध्ये तो मला म्हणाला. "तिचं मनच उठलंय. त्याची भीती वाटते."

डिसेंबर आला. शेजारणी दबक्या आवाजात चौकशी करू लागल्या. एकीने तर मार्शमॅलोचं क्रीम घालून न घोटता होणारा फज सुचवला. मी ते वहिनीच्या कानावर घातलं. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी जीभ चावली. पण पाहिलं तरी. इतके दिवस तेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोरडी, कडक थंडी होती. दमट हवेत फज जमत नाही एवढं मलाही ठाऊक होतं. वहिनीला मी स्वयंपाकघरात टेबलापाशी आणून बसवलं, तिचंच पातेलं काढलं आणि म्हटलं, आज फज मी करणार. त्यात तिच्यावरची माया होती हे खरं, पण इतक्या वर्षांची खुमखुमीही होती. तिने भिंतीकडे तोंड केलं.

साखर, दूध, कोको. उकळी आली. थंड पाण्यात थेंब टाकून पाहिला, पाक गोळीबंद झाला होता. इथवर सगळं ठीक. मग मी पातेलं उतरवलं, लोणी टाकलं आणि लगेच लाकडी डावाने घोटायला लागले. मागे वहिनीची खुर्ची करकरली. मी लक्ष दिलं नाही. बघता बघता पाक साखरला आणि पातेल्यात नुसती वाळू झाली. माझं डोकं फिरलं. पातेलं उचललं आणि बाहेर बर्फात ओतायला निघाले.

"ठेव ते."

वहिनीचा आवाज घोगरा झाला होता. "पाणी घाल. विरघळू दे. परत उकळ."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी तू कधी माझं ऐकलंयस?"

मी पाणी घातलं. पाक पुन्हा गोळीबंद झाल्यावर मी डाव उचलला, तर तिने डाव्या हाताने माझ्या मनगटावर चापट मारली. बूड तळहाताला सोसवेल इतकं कोमट झाल्याशिवाय घोटायचं नाही म्हणाली. आम्ही बसून राहिलो. ती सारखी पातेल्याचं बूड चाचपत होती.

मग मी घोटायला घेतलं. वडी पडायला पाकाची चकाकी जावी लागते, ती जाईना. खांदा भरून आला. मी म्हटलं, झालं असेल आता. तिने नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, माझा हात मोडला.

"मग आण इकडे."

ऑर्विल दारात येऊन उभा होता. तो मदतीला पुढे सरकला, तेव्हा मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. वहिनी डाव्या हाताने घोटू लागली. पातेलं टेबलभर घसरत होतं, शिंतोडे तिच्या अंगावर उडत होते. मग ती थांबली, लुळा हात डाव्या हाताने उचलून तिने पातेल्याला टेकवला आणि अंगाचा भार त्यावर दिला. पातेलं जागेवर राहिलं. पुष्कळ वेळाने चकाकी गेली.

"ओत," ती म्हणाली. मी ताटात ओतलं. कडेची खरवड काढायला गेले तर ओरडली, की त्याने वडी रवाळ होते.

वहिनीने डाव चाटला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"मीठ विसरलीस," ती म्हणाली.

चिमूटभर मिठासाठी मी भांडायलाच उठणार होते.

"उद्या परत करू."

सप्टेंबरपासून तिने या घरात उद्याचं नाव काढलं नव्हतं. मला रडू कोसळलं. ऑर्विलने टोपी चढवली आणि साखर आणायला निघाला. घरात साखर भरपूर होती, पण मी त्याला अडवलं नाही.