क्रिसांताचे सतरा टाके

क्रिसांता मेहिया आमच्या ला कानोआ गावची शिवणकाम करणारी. हाडापेराने मोठी, आवाज घोगरा, डाव्या भुवईवर नवऱ्याने फेकलेल्या लाकडाचा वण. नवरा मेला तेव्हा ती मनापासून रडली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा सदरा उसवून मुलीला झगा शिवला. वाया काही घालवायची नाही.

चर्चमधल्या मारिया माऊलीच्या मूर्तीला कपडे चढवायचा मान एकवीस वर्षं तिचा होता. पण तिचा खरा दरारा दिसायचा गुड फ्रायडेच्या पवित्र सप्ताहात. आमच्याकडे गुरुवारी दुपारपासून शनिवारची घंटा होईपर्यंत सुई, सुरी, खिळा, कुऱ्हाड कुणी हातात धरत नाही. त्या दिवसांत आपण जिथे टोचू तिथे ते प्रभूच्या अंगात टोचतं, असं आमच्या आया सांगत. म्हणून बायका आपापल्या सुया क्रिसांताकडे आणून देत. ती त्या पत्र्याच्या डब्यात घालून माऊलीच्या खोलीत कुलूप लावी आणि किल्ली गळ्यात अडकवी. एकदा शुक्रवारी मी पोलक्याला बटण लावताना सापडले, तर भर रस्त्यात तिने माझ्या मुस्काटात मारली. "त्याच्या बरगडीत आधीच भाला गेलाय, त्यात तुझं बटण कशाला?" असं म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. बाकीचे आम्ही सगळे नुसतं पाळायचो. ती खरं मानायची.

पुरुषांचे कोयतेही गुरुवारी चिंधीत गुंडाळून आढ्याला टांगायचे असत. दारूसुद्धा बंद. पण पुरुषांची झडती कोण घेणार?

मोठ्या वादळाच्या आदल्या वर्षी गुड फ्रायडेच्या दुपारी प्रभूच्या लाकडी मूर्तीची तिरडी मिरवणुकीसाठी उचलायची वेळ झाली आणि पुढच्या उजव्या दांड्यावरून भांडण पेटलं. त्या दांड्याखाली तीस वर्षं रुतिलियोच्या बापाचा खांदा होता. बाप नाताळात गेला. रुतिलियो म्हणे जागा माझी. त्याचा चुलतभाऊ माकारियो म्हणे, दारुड्याच्या खांद्यावर प्रभू जाणार नाही. वास दोघांच्याही तोंडाला येत होता. आधी ढकलाढकली झाली, मग माकारियोचा दात पडला, मग रुतिलियोने कुणाच्या तरी बहिणीचं नाव काढलं. माकारियो घरात गेला आणि चिंधीसकट कोयता घेऊन आला. पहिला वार दांड्यावर बसला, तिरडी कलली, माणसांनी ती कशीबशी खाली टेकवली. दुसरा वार रुतिलियोच्या मानेखालून सुरू झाला तो पार दंडापर्यंत. मांस उघडं पडलं, आत पांढरं हाड दिसलं. तो गुडघ्यांवर बसला आणि आपल्याच खांद्याकडे बघत राहिला, जसं काही ते दुसऱ्याचं आहे. माकारियो नदीकडे पळाला, पोरं दगड घेऊन त्याच्या मागे.

दवाखाना खेचरावरून सात तास. फादर वर्षातून दोनदा येत, गुड फ्रायडेला कधीच नाही. क्रिसांताने आपली काळी ओढणी जखमेत कोंबली. ती बघता बघता ठिबकायला लागली.

"पोरी, डबा आण," असं म्हणून तिने किल्ली माझ्या अंगावर फेकली.

चर्चच्या मंडळींचा पुढारी एलिओदोरो आडवा आला. तो तिच्या मुलीचा धर्मबाप, त्या नात्याने दोघं एकमेकांना कोम्पादरे-कोमाद्रे म्हणत. त्याने आपली चांदीच्या मुठीची काठी माझ्यापुढे धरली, पण मी खालून निसटले. परत आले तेव्हा तो तिला समजावत होता की उद्या दहाला घंटा होईल, तोवर कपडा दाबून धरा, प्रार्थना करा.

"उद्या दहाला हा गार झालेला असेल, कोम्पादरे."

"नेम मोडू नकोस, कोमाद्रे. आज सुई लागली की ती प्रभूला लागते. तूच पोरींना मारून शिकवलंस."

"हो, लागते," ती म्हणाली. "कोयता लागला तेव्हा तू काठी कुठे ठेवली होतीस?"

माझ्याच्याने दोरा ओवला जाईना. तो तिनेच ओवला, माऊलीच्या झग्याचा काळा रेशमी दोरा. रुतिलियोच्याच खिशातली बाटली काढून जखमेवर ओतली. तो गुरासारखा ओरडला. मग ती जमिनीवर टेकवलेल्या तिरडीकडे वळली.

"तुला टोचणार आहे, ठाऊक आहे मला," ती प्रभूला म्हणाली. "तू सोस. याला सोसवणार नाही."

पहिल्या टाक्याला बायकांनी तोंडं झाकली. तिसऱ्याला एलिओदोरोची काठी तिच्या पाठीत बसली. पाचव्याला मनगटावर. सातव्याला डाव्या हाताची करंगळी मोडली. तो आवाज मी ऐकला. तिने ती करंगळी बाजूला काढली आणि उरलेल्या बोटांनी मांस चिमटीत धरलं. कुणीतरी दगड मारला, तो माझ्या कानाला लागला. रुतिलियो माऊलीच्या नावाने नको नको ते बोलत होता. "शिव्या दे, पण हलू नको," एवढंच ती म्हणाली. सतरा टाके घातले, दोरा दाताने तोडला. तोवर एलिओदोरोला धाप लागली होती.

रविवारी चर्चच्या मंडळींनी तिची किल्ली काढून घेतली आणि माऊलीच्या खोलीत पाय ठेवायला जन्माची बंदी घातली. महिनाभर तिच्या छपरावर दगड पडत होते. डुकरीण कुणीतरी विष घालून मारली. रुतिलियो जगला. हात खांद्याच्या वर जाईना, त्यामुळे दांडाही गेला. दारू मात्र सुटली नाही. चारचौघांत सांगायचा, म्हातारीने मला गोणपाटासारखं शिवलं. ती म्हणायची, "गोणपाटच होतं."

मरणाआधी एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी भीती नाही वाटली? ती वाकडी करंगळी चोळू लागली. मग तिने सांगितलं. त्या संध्याकाळी सगळे पांगल्यावर ती चर्चमध्ये गेली, मेणबत्ती धरली आणि प्रभूच्या अंगावरचं कापड उचललं. नवीन भोकं कुठे पडली, ते बघायला.

"होती?"

"लाकडाला कीड लागलीये गं. टाचेपासून कपाळापर्यंत भोकंच भोकं. त्यात माझी सतरा कुठली, कसं ओळखणार?"

मग तिने मेण वितळवलं आणि हात पोचला तितकी सगळी बुजवली.