सुदामभाऊंचं करंजतेल

सुदामभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला, तेव्हा शाळेत मधली सुट्टी चालू होती. "सर, बाबा सकाळी गेले," एवढंच ती बोलली आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडून बायकांचं रडणं ऐकू येत होतं, इकडे माझ्याभोवती पोरं डबे उघडत होती... "येतो" म्हणालो. चिखलीहून एसटीनं मेहकर, तिथून जीप. जानेफळला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माणसं विहिरीवर हातपाय धुऊन परतत होती. त्याला आता पाच आठवडे झाले.

मी इतिहास शिकवतो. आम्हा काही शिक्षकांचं आणि माजी विद्यार्थ्यांचं एक मंडळ आहे. शिवकाळातल्या शिपायांचा पोशाख, जोडे, ढाली, तलवारीचे पट्टे, सगळं होता होईल तितकं त्या काळासारखं करून आम्ही गावोगाव कार्यक्रम करतो. नऊ वर्षांपूर्वी जोड्यांसाठी कारागीर शोधताना कुणीतरी सुदामभाऊंचं नाव सांगितलं. त्यांचे वडील विहिरीच्या चामडी मोटा शिवायचे, ते स्वतः वहाणा आणि बैलांचे पट्टे करायचे. मी जुन्या चित्राची छायाप्रत घेऊन गेलो होतो. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली. "चित्रातला जोडा चालत नाई, सर. चालसान तुमी. पाय दाखवा." मग ओसरीवर बसवून त्यांनी माझ्या पावलाभोवती कोळशानं रेघ ओढली.

जोडे सुंदर झाले. पण पहिल्याच कार्यक्रमाला मोठे पाहुणे येणार होते, म्हणून आदल्या दिवशी मी बाजारातून काळ्या पॉलिशची डबी आणली आणि सगळे जोडे, पट्टे, माझी चामड्याची ढालसुद्धा लखलखीत केली. फोटो छान आले. सुदामभाऊ मुद्दाम एसटीनं आले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माझ्या जोड्याकडे पाहिलं. "याले काय लावलं?" मी सांगितलं. त्यांनी दोन पोती मागितली आणि सगळं सामान त्यात भरून घेऊन गेले. दीड महिना ते पॉलिश ते खरवडून काढत होते. सामान न्यायला गेलो तेव्हा म्हणाले, "काऊन रंगोटी केली, सर? चामड्याले तहान असते. तुमी त्याचं तोंडच बुजवून टाकलं."

त्यानंतर मी त्यांच्याकडे जात राहिलो. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं कसं ओळखायचं, करंजाचं तेल वाटीत ओतून उन्हात कोमट कसं करायचं, टाक्यांवर मेण किती चोळायचं, तेल जास्त झालं तर कातडं कसं लुळं पडतं, हे सगळं ते काम करता करता सांगायचे. त्या कडवट वासाची मला सवय झाली होती. शिवकाळात नेमकं हेच लावत असतील याचा कागद माझ्याकडे नाही. पण त्यांच्या वडिलांनी आजोबांकडून घेतलेलं ज्ञान बाजारातल्या डबीपेक्षा त्या काळाच्या जास्त जवळ होतं, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

पुढे मी यावर एक छोटी पुस्तिका काढली. नाव माझं. आत सुरुवातीलाच एक वाक्य होतं, 'स्थानिक कारागिरांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे.' प्रकाशनाला सभागृहात बरीच माणसं होती, शाली होत्या, भाषणं होती. सुदामभाऊ शेवटच्या रांगेत बसले होते आणि त्यांना पुढे बोलवायचं माझ्या लक्षात आलं नाही. म्हणजे आलं होतं... पण तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं, आणि मी बसून राहिलो. नंतर दाराशी त्यांना एक प्रत दिली. उभ्या उभ्या त्यांनी पहिलं पान बोट फिरवत वाचलं. मी घाईघाईनं म्हणालो, "दुसऱ्या आवृत्तीत तुमचं नाव घालतो, भाऊ."

"हाव, घाला," ते म्हणाले, "पुस्तक चांगलं झालं." आणि बस सुटेल म्हणून निघाले.

दुसरी आवृत्ती निघाली नाही. मी काढली नाही. चार वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मागच्या रविवारी जानेफळला गेलो. माझी ढाल त्यांच्याकडेच दुरुस्तीला होती. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ढाल आणली आणि तिच्यासोबत पुस्तिकेची प्रतही. प्रत तेलानं पारदर्शक झाली होती. पानोपानी निळ्या पेनानं खुणा होत्या. 'उन्हात वाळवावे' खोडून 'सावलीत'. मेणाचं प्रमाण निम्मं केलेलं. 'मऊ फडक्याने तेल लावावे' हे वाक्य चार ठिकाणी होतं. चारही ठिकाणी 'फडक्याने' खोडून त्यांनी वर लिहिलं होतं, 'हाताने'.

"हे मला कधी बोलले नाहीत," मी म्हणालो.

वहिनी म्हणाल्या, "घरी बोलत. सर लई हुशार हायेत, म्हनत, पन हात लावत नाईत. मीच म्हनलं, सांगा ना मंग. तर म्हने, हे सांगाची गोष्ट नाई, त्याईले वाटलं तर लावतीन."

मी जिथं वाढलो, त्या घरात चामड्याला हात लागला की आंघोळ करायला लावत. मी ते मानत नाही. वर्गात पोरांना त्याविरुद्ध तळमळीनं शिकवतो. आणि तरी नऊ वर्षं तेल लावताना मी फडकं घेत होतो, नीट घडी घालून. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. त्यांच्या ध्यानात पहिल्या दिवसापासून आलं असणार. आणि तरी ते मला शिकवत राहिले...

ढालीवर तेलाचा शेवटचा हात द्यायचा राहिला होता. वहिनींनी वाटी आणून ठेवली आणि सवयीनं विचारलं, "फडकं देऊ?"

"नको," मी म्हणालो.

तेल तळहातावर घेतलं आणि ढालीवर चोळू लागलो. कातडं आधी गार लागलं, मग हाताइतकंच ऊन झालं. काठाजवळ बोटाला एक बारीक चीर जाणवली आणि तिच्या दोन्ही अंगांनी घातलेले त्यांचे सात टाके. डोळ्यांना ते दिसले नव्हते.