सुरयाची अंडी आणि आमचा पक्षीमित्र ग्रुप

कुणी साठवत नाही, तरी स्वयंपाकघरात पिशव्यांची पिशवी फुगतच जाते. आमच्या जुळे सोलापुरातल्या पक्षीमित्र ग्रुपच्या किश्शांचं तसंच आहे. ग्रुपात माणसं आठ, दुर्बिणी अकरा. मला पक्ष्यांतलं काही कळत नाही. कोण कुणाबरोबर कुठं जातं ते कळावं, म्हणून मी मेंबर झाले.

*

पहिल्या रविवारी सीना नदीवर गेलो. नदीकाठी शांतता का पाळावी, यावर अध्यक्ष अण्णांनी स्पीकरवरून पाऊण तास भाषण दिलं. पक्षी एकच दिसला. कावळा. तोही आमच्या भाकरीसाठी आलेला. अण्णांनी रिपोर्टात लिहायला लावलं, 'पक्षी आढळले.'

*

मग अण्णांनी काठावरच्या बाभळींवर लाकडी घरटी टांगली. प्रत्येकावर स्वतःचा फोटो.

माझे शेजारी शिंदे सर रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. ग्रुपात पक्षी ओळखणारे तेवढेच. ते हळूच म्हणाले, नदीवरचा सुरय पक्षी असल्या घरट्यात राहत नाही, उघड्या वाळूवर अंडी घालतो.

"चांगलं घर मिळालं की लागंल की सवय," अण्णा म्हणाले.

लागली. गांधीलमाश्यांना.

*

स्वच्छता मोहिमेत आम्ही काठावरचं सगळं उंच गवत कापलं. पक्ष्यांना मोकळं वाटावं म्हणून. त्याच गवतात मुनियांची घरटी होती, हे कापून झाल्यावर कळलं. फोटो मात्र छान आले. सर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. त्यांची दुधाची पिशवी दारात किती वेळ पडून होती, ते मी बघत होते.

*

यंदा उन्हाळ्यात पाणी उतरलं, पात्रात वाळूचं बेट उघडं पडलं आणि तिथं सरांना सुरयाची तीन अंडी दिसली. माणूस जवळ थांबला की मादी उडते आणि अंडी उन्हात भाजतात. पिल्लं उडेपर्यंत तिकडं कुणी जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. "वहिनी, फक्त तुम्हालाच सांगतोय," म्हणाले.

मी तरी कुणाला सांगणार? फक्त अण्णांच्या बायकोला सांगितलं.

*

रविवारी अख्खा ग्रुप बेटावर. 'सुरय बचाव' असा बॅनर, मध्ये अण्णा, डोक्यावर दोन सुरय ओरडत झेपा घेतायत. अण्णा खूश, पक्षी स्वागताला आले म्हणून! सर काठावरून हात जोडून परत बोलावत होते. माझी मान काही वर होईना.

तेवढ्यात मेंढरं राखणारा बिरू पाण्यात उतरला.

"अण्णा, उचललेला पाय खाली ठिवू नगा."

अण्णा एका पायावर. अंडी वाळूच्याच रंगाची, त्यांच्या चपलेपासून वीतभर. बिरूनं त्यांचा हात धरला आणि एकेक पाऊल दाखवत त्यांना पाण्यापर्यंत आणलं. मागोमाग आम्हालाही. आम्ही काठाला लागलो तशी मादी परत अंड्यांवर येऊन बसली. तेव्हा कुठं सरांनी जोडलेले हात सोडले.

अण्णांनी घाम पुसला आणि तिथल्या तिथं बिरूला ग्रुपचं सन्माननीय सदस्यत्व जाहीर केलं.

बिरूनं विचारलं, "मेंबर झालं की काय करायचं?"

"दर रविवारी हितं यायचं."

"मग नगं," बिरू म्हणाला. "पाखरं बसल्यात म्हणून आमी मेंढरंसुद्धा तिकडनं वळसा घालून नेतो."