सांगायची सेटिंग

आमच्या घरी वाचणं आणि सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून पहिलं काम माझ्याकडे. आणि आबांची मुलगी आहे, म्हणून दुसरंही माझ्याकडेच. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी आधी कापूस केला, मग पपई केली, आणि आता लोणखेड्याला माझ्याकडे राहतात. अक्षरओळख एसटीची पाटी वाचण्यापुरती. पुस्तकातली मराठी त्यांना कचेरीतली वाटते, साहेब बोलतो तशी. म्हणून दुपारी ते अंगणात खाटेवर बसले, की मी कादंबरीचा एक तुकडा वाचते, थांबते आणि तोच अहिराणीत सांगते. सांगणं चालू असताना आबा पात्रांशी भांडतात, एखाद्या जावयाचा उद्धार करतात आणि मग पुढे जायची परवानगी देतात. आई गेल्यापासून ते मनापासून भांडतात ते एवढ्याच वेळात.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे ती नजर टिकवू, पण बारीक टाइप आता विसरा, आणि चकाकणाऱ्या पडद्याकडे फार वेळ बघू नका. मी घाबरले. वाचनालयातली पुस्तकं हातात घ्यायची आणि ओळी एकमेकींवर चढलेल्या दिसायच्या. माझं वाचन बंद पडलं असतं, तर आबांची दुपारही बंद पडली असती. हे मी होऊ देणार नव्हते.

अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतील असं काहीतरी घ्यायचं ठरलं. धाकटा भाऊ सुरतला असतो. त्याचा फोनवर एकच घोशा, टॅब घे. त्यात सिनेमे आहेत, भजनं आहेत, नातवंडांची तोंडं दिसतात, आणि वाचायचा कंटाळा आला तर टॅब स्वतः मोठ्याने वाचून दाखवतो. “तुन्हा डोयासले बी आराम,” तो म्हणाला. माझ्या डोक्यात मात्र सहकारी बाईंकडे पाहिलेला ई-रीडर बसला होता. काळापांढरा, न चकाकणारा, पुस्तकाशिवाय काही न येणारा.

दिवाळीला भाऊ स्वतःचा टॅबच घेऊन आला. अंगणात उन्हात धरला, तर पडद्यावर मला माझा चष्मा आणि मागचा कडुनिंब दिसला, कादंबरी कुठेच नाही. भाऊ म्हणाला, मग घरात बसा. पण आई गेल्यापासून दुपारी घर आबांना खायला उठतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तो जरा वरमला आणि त्याने टॅबलाच वाचायला लावलं.

टॅब वाचू लागला. उच्चार शुद्ध, कुठे अडखळणं नाही, आणि कुठे थांबणंही नाही. आबांनी पाहुण्याचं ऐकावं तसं मान डोलावत ऐकलं. मग भावाला म्हणाले, “वाचस बेस. पन सांगी कोन?”

भावाला वाटलं, आबांना अहिराणी आवाज हवा आहे. तो सेटिंग शोधायला बसला. मराठी सापडली, हिंदी सापडली, अहिराणी काही सापडेना. मग आपली बोली गुजरातीच्या जवळची म्हणून त्याने गुजराती निवडली. गुजराती आवाजाला मराठी अक्षरं वाचता येईनात आणि टॅब गप्पच झाला.

“बंद पडी गयं का?” आबांनी काळजीने विचारलं.

मला हसू आलं आणि रागही आला. एवढ्या दुपारींचं आमचं सांगणं याला सेटिंग वाटत होतं. मी म्हटलं, “माले टॅब नको. मी रीडर लेसू.”

“त्यामा ना रंग शे, ना गाणा,” भाऊ म्हणाला.

“तेच पाहिजे.”

त्याने टॅब बंद करून खाटेवर ठेवला. मग हळूच म्हणाला, “ताई, डोया आखो गयात तर? टॅब निदान वाची तरी.”

डोळे आणखी गेले तर, हे लागलं मला. तो वाईटावर नव्हता, माझ्या काळजीनेच विचारत होता. पण मी म्हटलं, “तवय दखसूत.” तेव्हाचं तेव्हा बघू, म्हणून विषय तिथेच संपवला.

सुट्टी संपल्यावर मी सहकारी बाईंचा रीडर मागून घेतला. रीडर मराठी जोडाक्षरं मोडतो असं कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. म्हणून क्ष-ज्ञ सोडून मी एक अहिराणी ओळच लिहून त्यात घातली, ‘अंगणमा बसी ऱ्हायनू’. तो ऱ्ह नीट उमटला आणि मी त्याच दिवशी रीडर मागवला.

पहिल्या दुपारी ऊन चांगलं होतं आणि अक्षरं स्वच्छ दिसत होती. पण मी ती एवढी मोठी केली होती, की पानावर चारदोन ओळीच मावत. पान बदललं की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि मला थांबावं लागायचं. मराठीची बाई असून बालवाडीतल्यासारखं वाचतेय, अशी लाज वाटत होती. आबांना मात्र मी थांबले म्हणजे सांगायची वेळ झाली, एवढंच कळत होतं. दर पानाला म्हणायचे, “हां, सांग.”

शेवटी मीच कबूल केलं, “आबा, पान गयरं धाकलं शे.”

“बेस शे ना,” ते म्हणाले. “तू घडीघडी थांबस.”

अक्षरं अजून मोठी करता येतात, मी बघून ठेवलंय. पानावर एकच शब्द मावेल अशी वेळ आली, तरी तेवढा शब्द वाचीन आणि थांबून आबांना सांगेन.