आगवाल्याची आरोळी

मुंबईच्या धक्क्यावरून लहानशी आगबोट सुटली तेव्हा मी भलताच खुशीत होतो. भरतीबरोबर पाताळगंगेतून आपट्याला उतरायचे, बैलगाडीने खालापूर गाठायचे आणि कर्जतहून आगगाडीने परतायचे, असा बेत होता. मला पोहता येत नाही, हे मी बोटीत कोणाला सांगितले नव्हते.

शेजारी खालापूरकडचा धोंडू आणि त्याची बायको सगुणा बसली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचे लग्न. जावयाला द्यायची नवी घोंगडी सगुणेने मांडीवर जपून धरली होती.

"विहीण लई तिखट हाय," ती म्हणाली. "हिच्यात खोट निघाली तर वरात माघारी नेईल."

नदी अरुंद झाली, माणिकगड दिसू लागला, आणि खालच्या इंजिनाच्या खोलीतून आगवाला (भट्टीत कोळसा टाकणारा) ओरडला, "आग! आग!"

कोणी हलले नाही. धोंडू तंबाखू मळत म्हणाला, "आगबोटीचा आगवाला त्यो. आग नाय तर काय वांगी म्हनून वरडंल?"

मला हे पटले. आम्ही दोघेही हसलो.

खाली बॉयलरजवळ टाकलेल्या तेलकट चिंध्या पेटल्या होत्या. आगवाल्याने घाबरून बादली ओतली, तर जळते तेल पाण्यावरून पसरत फळ्यांपर्यंत आले. वर धूर येताच सगुणा किंचाळली, "अवो, वनवा! वनवा हाय ह्यो!"

त्या शब्दासरशी धोंडू ताडकन उठला. वणवा म्हटल्यावर डोंगराकडचा माणूस बसून राहत नाही. त्याने घोंगडीला हात घातला. सगुणा क्षणभर सोडीना. मग तिनेच ती नदीत बुचकळली आणि म्हणाली, "टाका." धोंडूने खाली उतरून ओली घोंगडी आगीवर दाबून धरली, तेव्हा कुठे ती विझली. या गडबडीत मी बाक घट्ट धरून ठेवण्याचे काम केले.

आपट्याला धोंडूने मला आपल्याच गाडीत घेतले. "तुमी लग्नाला चलाच. घोंगडी कशी जळली ते विहिणीला सांगा." वाटेत तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली. सगुणेने तुकडाही मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मांडवात विहिणीने घोंगडी उलगडली. मधोमध डोके जाईल एवढे भोक! "जळकी वस्तू माज्या लेकाच्या अंगावर? चला रं, फिरवा वरात!" मी सुरेख हकीकत सांगू लागलो, ती कोणीच ऐकली नाही. नवरी खाली मान घालून उभी होती.

नवरदेव कर्जतला, घाट चढवणाऱ्या इंजिनावर आगवाला होता. त्याने घोंगडी हुंगली आणि खांद्यावर घेतली.

"आये, माजं समदं कपडं जळकंच हाय. मलाबी परत धाडतीस का?"

विहिणीने हात हलवून वरात मांडवात परत बोलावली. सगुणा पदर तोंडाला लावून रडली. माझेही डोळे भरून आले आणि कारण सांगायला तिथे धूरही नव्हता.

कर्जतला गाडीत बसण्याआधी मी मुद्दाम इंजिनापर्यंत चालत गेलो. आतून एक काळेकुट्ट, अनोळखी तोंड बाहेर डोकावले. इतकी वर्षे आगगाडीने फिरलो, पण असल्या तोंडाला रामराम मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.