घराण्याचं चिन्ह

दुकानात त्याला सगळे खोडरबर म्हणत. साहेबांच्या राजवटीतले चांदीचे चमचे मोडीत यायचे. त्यांच्या दांड्यावर कुणाकुणाच्या घराण्याची चिन्हं कोरलेली असत. कुठे पंख पसरलेला गरुड, कुठे मुठीत धरलेला भाला. ती घासून चमचा कोरा करणं हे त्याचं काम. मागचे अस्सल चांदीचे ठसे मात्र राखायचे. सिंह, राजाचं डोकं, सालाचं अक्षर. किंमत त्यांनाच होती. मेलेल्या साहेबाचं घराणं कुणाला हवंय?

खरं तर त्याचा हात कोरण्यात होता. बापाने शिकवलं होतं. पण यंत्रं आली आणि त्याच्या वाट्याला पुसणं तेवढं उरलं.

मुलीच्या लग्नात मात्र त्याने हौस भागवली. मालकाकडून सहा कोरे चमचे मागून घेतले आणि त्यांवर स्वतःच एक चिन्ह कोरलं. फांदीवर बसलेली चिमणी. मुलगी लहानपणी चिमणीसारखी चिवचिवायची, म्हणून. बायको हसून लोटपोट झाली. "राजेसाहेब, घराण्याचं चिन्ह झालं, आता राज्य कुठाय ते सांगा!"

बायको पुढे दोन वर्षांत गेली. मुलीचं येणंजाणं कमी होत होत फोनवर आलं.

आणि एका सकाळी मालकाने त्याच्यापुढे पुडकं टाकलं. "हे कोरे कर. गिऱ्हाईकाला आपली अक्षरं घालायचीत."

पुडक्यात चिमण्या होत्या.

त्याने पुडकं पुन्हा बांधून ठेवलं आणि संध्याकाळी तडक मुलीचं घर गाठलं. तिने दार उघडलं. आत जावई टीव्हीपुढे बसला होता. त्याने मान हलवली, एवढंच.

"चमचे विकलेस का गं?" त्याने मुलीला हळूच विचारलं. अडचण असेल, तोंड उघडवत नसेल, असं त्याला वाटलं होतं. तशी मनाची तयारी करूनच तो आला होता.

"ते होय? यांनी दिले कुठल्याशा दलालाला. सारखे काळे पडायचे, बाबा. कोण घासत बसणार?"

"मला सांगायचंस. मी आलो असतो."

"चमचे घासायला?" ती हसली. "आणि त्यावर ते काय होतं हो? कोंबडी ना? पाहुणे विचारायचे, काय सांगणार मी?"

तो चहा नको म्हणाला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुडकं सोडलं. लग्नाच्या हौसेत, जोर लावून कोरलेलं, जाता जाईना. चोच गेली तरी पंख दिसत राहिले. घासून घासून दांडे पत्र्यासारखे पातळ झाले आणि एक तर वाकलाच. मालक कडाडला, "वाट लावलीस! गिऱ्हाईक हात तरी लावेल का याला? एवढं खोल कोरणारा कोण गाढव होता?"

"असेल कुणीतरी हौशी," तो म्हणाला.

सगळे चमचे वितळायला मुशीत गेले. ठसेही गेले.

त्या आठवड्यात मुलीचा फोन आला. बोलता बोलता तिने विचारलं, "बाबा, त्या दिवशी उगाच आला होतात का?"

"उगाच," तो म्हणाला. "त्या बाजूला काम होतं."